घाणीच्या रकान्यातली रानबकरी

डोंगर चढताना तुम्ही खाली कधी बघता? खरं सांगा. ठेच लागली की, नाहीतर मोबाइल हातातून निसटला की. बाकी सगळा वेळ मान वर, डोळे लांब आणि मनात एकच हट्ट, काहीतरी दिसलं पाहिजे. तिकीट काढलंय ना!

फाटकाजवळ एक पाटी आहे. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, 'या वाटेवर दिसणारे प्राणी'. खाली सात चित्रं. रानबकरी, कोल्हा, साळिंदर, ससा, गरुड, घुबड आणि साप. साप रंगाऱ्याला जमलेला नाही, तो बागेत पाणी घालायच्या नळीसारखा दिसतो. लोक पाटीसमोर दात काढून फोटो काढतात, चौदाशे पायऱ्या चढतात, घामाघूम होऊन उतरतात आणि फाटकापाशी कचरा निवडत बसलेल्या बाईला ऐकवतात, "मावशी, काहीच नाही दिसलं हो. एक कावळा सोडून."

मावशी नुसती मान हलवायची. बोलायला लागली तर थांबणार नाही, हे तिचं तिलाच ठाऊक होतं. आणि गंमत अशी, की तिच्या शेजारच्या पत्र्याच्या बादलीत त्या घडीला सातातले निदान चार प्राणी असायचे. कोल्ह्याची विष्ठा, साळिंदराचा काटा, घुबडाने ओकलेली केसांची आणि हाडांची गोळी, सापाची कात. आणि बादलीच्या तळाशी मूठभर लेंड्या.

चौदाशे पायऱ्यांपैकी मधल्या चारशे तिच्या. पाचशेपासून नऊशेपर्यंत. अकरा वर्षं झाली, फाटक सातला उघडायचं त्याआधी त्या चारशे पायऱ्या आरशासारख्या झालेल्या असायच्या. खराटा, सुपली, बादली, पाठीला पोतं. पायरीच्या कोपऱ्यातली माती ती खराट्याच्या काडीने उकरून काढायची, जणू कोणी तिथे पंगत मांडणार आहे. खालच्या पायऱ्या झाडणारी तिला चिडवायची, "अगं, डोंगर आहे तो, तुझं स्वयंपाकघर नव्हे." त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं, "तुझं स्वयंपाकघर बघितलंय मी. म्हणून तर तुला खालच्या पायऱ्या दिल्यात."

नाकावर राग आणि जिभेवर धार. लोक तिला टरकून असत. एकदा एका धिप्पाड माणसाने तिच्यादेखत रिकामी बाटली खाली टाकली. तिने बाटली उचलली आणि पुढच्या दोनशे पायऱ्या त्याच्या मागून चालत राहिली, बाटली त्याच्या पाठीशी धरून. शेवटी त्यानेच वळून ती घेतली आणि पिशवीत कोंबली.

लिहायला ती अशाच रागात शिकली, कामाला लागली त्याच महिन्यात. आधीचा मुकादम रोजच्या कागदावर तिचा अंगठा घ्यायचा. एक दिवस कळलं, की त्या कागदावर 'काम अपूर्ण' असं लिहिलेलं होतं आणि खाली हिचा अंगठा. "अंगठा माझा आणि खोटं तुझं?" असं ती त्या ऑफिसात एवढ्या मोठ्याने म्हणाली, की तिकिटाच्या रांगेतली माणसं आत डोकावली. त्या दिवशी घरी येऊन तिने लेकीची जुनी वही घेतली. लेक तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "आधी तुझं नाव लिहू या." आई म्हणाली, "नाव मला पाठ आहे. कागदावर जे लागतं ते शिकव." म्हणून या बाईने आयुष्यात लिहिलेला पहिला शब्द स्वतःचं नाव नव्हता. 'लेंड्या' होता. दुसरा 'बाटली'.

वहीतल्या रोजच्या कागदावर डोक्याशी तारीख आणि खाली रकाने चारच. पायरीचा आकडा, घाणीचा प्रकार, उचलली का, सही. कोणी वाचत नव्हतं, पण ती इमानाने भरायची. '५४०, कोल्हा, दगडावर, बिया आहेत, उचलली.' '७३०, पिसं, कबुतराची, उचलली.' नवा मुकादम आला, तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पोटाने मात्र मोठा. तो न वाचता खाली सही ठोकायचा आणि वही कपाटात. वर्षाला दोन वह्या. ऑफिसच्या भिंतीवर 'सर्वांत स्वच्छ वाट' असं कोरलेली पितळी पाटी लागली होती, चार वर्षं लागोपाठ. ती पाटीही मावशीच पुसायची.

तिच्या लेखी हे सगळे प्राणी म्हणजे तिचं काम वाढवणारी रिकामटेकडी मंडळी. कोल्हा मुद्दाम वाटेच्या मधोमध, उंच दगड बघून बसतो, सगळ्यांना दिसावं म्हणून. साळिंदर तुरुतुरु जाताना काटे गाळत जातं, लग्नघरातल्या बाईच्या पिना गळाव्यात तसे. आणि सगळ्यांत आगाऊ ती रानबकरी. तिचं नाव मावशीने ठेवलं होतं, बाईसाहेब.

बाईसाहेबांची आणि तिची समोरासमोर गाठ अकरा वर्षांत तीनदाच पडली. पहिल्यांदा धुकं होतं. सहाशे बाराव्या पायरीवर वाट वळते, तिथे लोखंडी कठडा आहे. मावशी ती पायरी झाडून दोन पायऱ्या वर गेली आणि मागे खट्ट वाजलं. वळून बघते तर बाईसाहेब. राखाडी अंग, मागे वळलेली शिंगं, पिवळे डोळे आणि त्या डोळ्यांत आडव्या फटीसारखी बाहुली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बकरीने शेपूट हलवलं आणि नुकत्याच झाडलेल्या पायरीवर टपटप टपटप लेंड्या टाकल्या.

"अगं ए! आत्ता झाडलंय ना मी!"

बकरी तीन उड्यांत सरळसोट कातळावर चढली. जिथे माणसाला नख रोवायला जागा नाही, तिथे चार खूर टेकवून उभी राहिली आणि वरून बघू लागली. मावशी भांडायची विसरली. कितीतरी वेळ मान वर करून उभी होती, नुसती. मग भानावर आली, खाली उतरली आणि पायरी पुन्हा झाडली. त्या दिवशीच्या कागदावर लिहिलं, '६१२, लेंड्या, दोनदा उचलल्या.'

लेक आता मोठी झाली होती आणि फाटकावरच्या तिकिटाच्या खिडकीत बसत होती. एका दुपारी तिने खिडकीतूनच हाक मारली.

"आई, तुझ्या बाईसाहेबांना रजा मिळाली."

"म्हणजे?"

"पाटी नव्याने रंगवणार आहेत. त्यात रानबकरी नाही. प्राणी मोजायला ती ताई आली होती ना, तिचा कागद आलाय. तीन महिन्यांत एकही खूण नाही, म्हणून नाव काढा. आणि नाव निघालं, की वरचा कडाही उघडणार. पायऱ्या, कठडा, फोटो काढायला ओटा."

वरचा कडा म्हणजे सहाशे बाराच्या डोक्यावरचा तो कातळाचा पट्टा. बकरी चढून गेली तोच. थंडी ओसरताना तिथून बारीक में-में ऐकू यायची. मावशीला ती ऐकू यायची, कारण त्या वेळी डोंगरावर दुसरं माणूस नसायचं. तिथे ओटा झाला, माणसांची रीघ लागली, तर बाईसाहेब पिल्लं घेऊन जाणार कुठे? त्या पट्ट्याच्या पलीकडे नुसती दरी.

मावशी आधी हसली. "खूण नाही म्हणे! डोळे आहेत की बटणं? रोज मूठभर उचलते मी."

"कॅमेरे लावले होते दोन, खाली पाण्यापाशी," लेक म्हणाली. "त्यात तीन महिन्यांत मुकादम नऊ वेळा दिसला. सिगरेट ओढताना. बायकोला सांगितलंय, सोडली म्हणून." दोघी खिदळल्या. मग लेक म्हणाली, "बाकी रोज वाटेवर चालून बघत होती बिचारी. लेंड्या, केस, खुरांचे ठसे."

"किती वाजता?"

"ऑफिस उघडलं की. आठला."

मावशीचं हसू तिथल्या तिथे विरलं. तिने शेजारच्या बादलीकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे. सात वाजता पायऱ्या आरशासारख्या. आठ वाजता ती पोरगी त्या आरशात बकरी शोधत होती.

"आई? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "मीच झाडून टाकली गं तिला."

घरी गेल्यावर तिने चहाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि ते करपेपर्यंत तिथेच उभी राहिली. अकरा वर्षं ज्या गोष्टीचा ताठा मिरवला तीच गोष्ट अशी उलटून अंगावर यावी! कामचुकारपणा केला असता, एखादा दिवस कोपरा सोडला असता, तर बकरी वाचली असती. पण तिने कधी कोपरा सोडला नव्हता. आपलं काम चोख केलं की आपण सुटलो, असं आपल्याला वाटतं. काम चोख होतं, पण कशाला घाण म्हणायचं हे तिला दुसऱ्याच कोणीतरी ठरवून दिलं होतं आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं. या बाईने, जिने अंगठ्यासाठी ऑफिस डोक्यावर घेतलं, तिने चार रकान्यांच्या कागदाला मात्र कधी उलट प्रश्न केला नाही. हे तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सहाशे बारावर लेंड्या होत्या. काळ्याशार, ओलसर, ताज्या. खराटा सवयीने पुढे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून मागे ओढला, अवखळ पोराला दंडाला धरून ओढावं तसा. मग आजूबाजूचे खडे वेचून लेंड्यांभोवती गोल रिंगण केलं आणि पुढच्या पायरीकडे वळली.

आठ वाजता मुकादम धापा टाकत वर आला.

"मावशी, ही काय रांगोळी मांडलीय?"

"खूण आहे."

"घाण आहे ती! पितळी पाटी जाईल आपली. लोक तक्रार करतील, माझी मान अडकेल."

"मुकादम, घाण माणसं करतात. ही खूण आहे. बकरी इथे आहे, याची खूण."

"घाण, खूण, तुम्ही मला शब्दांत खेळवू नका. झाडा आधी."

"नाही झाडत."

अकरा वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. मुकादम गडबडला. त्याने आवाज चढवला, लेखी नोटीस देईन म्हणाला, तिचं काम जाईल म्हणाला. ती खराट्यावर हनुवटी टेकवून ऐकत राहिली. तो दमल्यावर म्हणाली, "झालं? आता त्या मोजणीवाल्या पोरीला बोलवा. तिच्यासमोर मला नोटीस द्या. आणि पाण्यापाशी जरा जपून जात जा, कॅमेरा आहे तिथे."

मुकादमाचा चेहरा पडला. संध्याकाळपर्यंत मोजणीवाली ऑफिसात हजर होती.

पोरगी शिकलेली, शांत, थकलेली. टेबलावर तिच्यासमोर कागदी पुडीत त्या लेंड्या. तिने भिंगातून बघितल्या. "मावशी, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण एका दिवसाच्या लेंड्यांवर मी कागद बदलू शकत नाही. या पाळीव शेळीच्याही असू शकतात."

"फाटकाच्या आत शेळी सोडत नाहीत, बाई."

"चुकून आली असेल. मला किती दिवस, कुठे, कधी, हे लागतं. नोंद लागते. तुमच्या आठवणीवर ऑफिस चालत नाही ना."

मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. 'आठवणीवर' हा शब्द तिला चावला. ती ताडकन उठली आणि मुकादमाच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "आठवण कसली? कपाट उघडा, मुकादम."

मुकादमाने किल्ली खिशात चाचपली आणि तिथेच धरून ठेवली. "त्यात काय आहे? झाडलोटीच्या वह्या. वर्षानुवर्षांची रद्दी."

"त्या रद्दीवर सही कोणाची आहे?"

"माझी."

"मग न वाचता केलीत का?"

मोजणीवाली त्याच्याकडे बघायला लागली. मुकादम माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त तक्रारीची भीती होती, आणि न वाचता सही केली असं परक्या पोरीसमोर कबूल करण्यापेक्षा कपाट उघडणं सोपं होतं. "न वाचता कशाला करीन?" असं म्हणत त्याने कपाट उघडलं. बावीस वह्या धुळीसकट टेबलावर आल्या. पहिल्या काही वह्यांतलं अक्षर वाकडं, पडलेलं. मग हळूहळू सरळ होत गेलेलं.

मोजणीवाली सुरुवातीला शिष्टाचार म्हणून पानं उलटत होती. पाचव्या वहीपाशी तिने पेन काढलं. आठव्या वहीपाशी खुर्ची पुढे ओढली.

"मावशी, हे 'दोनदा उचलल्या' म्हणजे काय?"

"मी झाडल्यावर माझ्यादेखत पुन्हा टाकल्या. तोंडावर."

"म्हणजे तुम्ही बघितली? शिंगं कशी होती?"

"मागे गेलेली, अशी. आणि डोळ्यातली बाहुली आडवी."

"बाहुली शेळीचीही आडवीच असते." पोरगी हसली. "पण शिंगांचं बरोबर आहे." पुन्हा वाचायला लागली. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं, पुढची वही काढली, तीच पानं बघितली, मग त्याच्या पुढची. 

"इथे लिहिलंय, 'मोठ्या आणि बारीक'. इथेही. ही कुठली वेळ, थंडी संपायची?"

"हो. तेव्हा वरून पिल्लांचा आवाज येतो. त्यांच्या बारीक असतात, मसूर डाळीएवढ्या. खराट्यातून निसटतात मेल्या, म्हणून लक्षात राहतं."

"सात वर्षं," मोजणीवाली स्वतःशीच म्हणाली. "दरवर्षी, त्याच वीस पायऱ्यांत. आणि मी तीन महिने..." तिने वाक्य सोडून दिलं. "मावशी, उद्या मी तुमच्याबरोबर येऊ? तुम्ही जाता तेव्हा?"

"ये. पण मागे राहिलीस तर मी थांबायची नाही."

ती मागे राहिली, आणि मावशी थांबली. उजाडता उजाडता दोघी सहाशे बारावर पोचल्या. बकरी दिसली नाही. पण लेंड्या होत्या, आणि कठड्याजवळच्या कातळाच्या फटीत अडकलेला राखाडी केसांचा पुंजका. मोजणीवालीने तो चिमट्याने उचलून पुडीत ठेवला. मग तिने कठड्यावरून बोट फिरवलं. बाकी सगळ्या कठड्यावर धूळ आणि गंज, पण इथे दोन हात लांबीचं लोखंड ओलं होतं आणि चकाकत होतं.

"हे तुम्ही पुसता?"

"नाही बाई. हे रोज आधीच पुसलेलं असतं. मला वाटायचं, दव पडतं."

"दव एवढ्याच जागी पडेल का? लोक वळणावर इथेच धरून उभे राहतात, हाताच्या घामाचं मीठ इथे लागतं. ती चाटते ते. मिठासाठी येते ती इथे."

मावशीने कठड्याला हात लावला. अकरा वर्षं दोघी एकच वळण साफ करत होत्या, एक खराट्याने आणि एक जिभेने. तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "बघ, म्हणजे कामाची आहे ती. उगाच बोल लावत होते."

पुडीतल्या केसांच्या तपासणीचं उत्तर यायला महिना लागला, आणि केस रानबकरीचेच निघाले. पाटीवर तिचं चित्र राहिलं. या वेळी रंगाऱ्याने शिंगं नीट काढली, साप मात्र होता तसाच. वरचा कडा बंद राहिला. मोजणीवालीने कागदात लिहिलं, की तिथे पिल्लं होतात, म्हणून तिथे माणूस नको. पुढे पुन्हा कोणी उठेल आणि ओटा मागेल, हे मावशीला पक्कं ठाऊक आहे. वह्यांना आता तिने स्वतःचं कुलूप घातलंय.

मुकादमाने पट्टी घेऊन रोजच्या कागदावर पाचवा रकाना आखला, 'खूण'. मावशी बाटल्या, वेष्टनं, माणसांनी टाकलेलं सगळं पूर्वीसारखंच उचलते. बाकीचं आकडा लिहून तिथेच सोडते. पितळी पाटी त्या वर्षी दुसऱ्या डोंगराला गेली. भिंतीवर तिच्या जागी फिकट चौकोन राहिलाय आणि मावशी अजून सवयीने त्याच्यावरून फडकं फिरवते.

तिला जे सोसावं लागतं ते वेगळंच. परवा एक बाई सहाशे बारावर थांबल्या, नाकाला रुमाल लावला आणि खुद्द मावशीलाच म्हणाल्या, "इथे कोणी झाडत नाही का हो?" ज्या बाईने कधी पायरीचा कोपरा सोडला नाही, तिला हे ऐकावं लागतं. रोज. पूर्वी तिने त्या बाईंना पायऱ्या मोजायला लावल्या असत्या. आता ती दोन घोट पाणी पिते, राग गिळते आणि सांगते, "झाडते की, मीच झाडते. तेवढं सोडून." कोणी विचारलं, तेवढं का सोडून, तर खाली बसून दाखवते. दहातला एक जण विचारतो. बाकीचे वर बघत पुढे जातात आणि संध्याकाळी येऊन सांगतात, काहीच दिसलं नाही.

तर तुम्ही तो एक जण व्हा. डोंगर कुठलाही असो, चढताना मान खाली घाला. पायरीवर लेंड्या दिसल्या, काटा दिसला, कात दिसली, तर खाली वाका, नीट बघा, मग पाय उचलून ओलांडा आणि पुढे चला. पण कोपऱ्यात खराटा घेऊन उभ्या असलेल्या बाईला हाक मारून एवढं मात्र म्हणू नका, "मावशी, इथे जरा झाडा."